ईश्वरीचे गाल

ईश्वरी ढगेचे गाल वर आले आणि त्याच आठवड्यात तिचं जेवण बंद झालं.

यात कुणाचीच चूक नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढं रीतसर चौकशी झाली, तिचाही निष्कर्ष हाच निघाला. चूक कुणाचीच नसली की ती दुरुस्त करायचं कामही कुणाचं राहत नाही, आणि सगळे निवांत आपापल्या चहाला लागतात.

खुंटेवाडीच्या अंगणवाडी क्रमांक दोनमध्ये सत्तावीस मुलं, अकरा ॲप्स, दोन बायका आणि एक कणगी होती. बायकांपैकी एक सेविका, वैजयंता दुधभाते. बावीस वर्षं तिनं गावाची पोरं जोखली, मापली आणि शेंबूड पुसून शाळेत पाठवली होती. दुसरी मदतनीस शकूरबी. ती खिचडी शिजवायची आणि कुठल्याही ॲपला हात लावायची नाही, त्यामुळं केंद्रात दिवसभरात जे काही खरोखर तयार व्हायचं ते तिच्याच हातून.

कणगी म्हणजे पूर्वीची बांबूची, शेणानं सारवलेली नव्हे. ही खात्यानं दिलेली. पांढरीशुभ्र, माणसाएवढी उंच, पोटाला तोटी आणि छातीला काच. सकाळी एकेक मूल काचेसमोर उभं राहायचं. कणगी त्याचा चेहरा बघायची, नोंदीतल्या फोटोशी ताडायची आणि जुळला की त्या मुलाच्या वाट्याचे डाळ-तांदूळ खालच्या पातेल्यात सोडायची. जितके चेहरे जुळतील तितक्या मुठी. भिंतीवरचा दुसरा कॅमेरा ताटं मोजायचा. मुठींपेक्षा ताट जास्त निघालं तर तालुक्याला ‘गळती’ म्हणून लाल दिवा लागायचा. या सगळ्याचं नाव ‘दर्पण’. धान्य चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो आला होता आणि आळा बसलाही होता. चोर आता अंगणवाडीकडं फिरकत नव्हते. ते खात्याला कणग्या पुरवत होते.

त्या सोमवारी ईश्वरी काचेसमोर उभी राहिली. कणगी गोड आवाजात म्हणाली, “क्षमस्व. चेहरा जुळत नाही. कृपया योग्य बालकास उभे करावे.”

“मीच हाय की!” ईश्वरी म्हणाली.

कणगीनं तिला आणखी दोनदा बघितलं आणि दोनदा क्षमा मागितली.

आता हे कसं झालं, ते समजून घ्यायला हवं. यंत्र चेहरा बघतं असं आपण म्हणतो, पण ते चेहऱ्याचे आकडे करतं. डोळ्यांत किती अंतर, नाकाखाली हनुवटी कुठं, गालाचा उतार कसा, सावली कुठं पडते, असले काहीशे आकडे एका माळेत ओवतं. नोंदीतली माळ आणि आजची माळ समोरासमोर धरतं. दोन्हींतला फरक एका ठरलेल्या रेषेच्या आत असला की ते म्हणतं, हा तोच. रेषेबाहेर गेला की, हा दुसरा. ती रेषा कुणीतरी मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून आखलेली असते, आणि मोठ्या माणसाचा चेहरा वर्षभरात फारसा हलत नाही.

ईश्वरीचा फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा. तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती आणि वजन आठ किलो दोनशे ग्रॅम. गाल आत, डोळे बाहेर, कपाळच काय ते भरलेलं. वैजयंतानं आणि शकूरबीनं तिला अंडी, शेंगदाण्याचा लाडू, खिचडीवर तेलाची धार असं करत करत तेरा किलोंवर आणलं होतं. सरकारच्या पैशानं, सरकारच्या योजनेनं, सरकारच्याच कणगीतून. आणि सरकारच्या यंत्राला एवढंच दिसत होतं, की चौदा महिन्यांपूर्वीची ती हडकुळी मुलगी गायब झाली असून तिच्या जागी कुणीतरी खात्यापित्या घरची पोर घुसवण्यात आली आहे.

वैजयंतानं पर्यवेक्षिकेला फोन लावला. सुलभा कानडखेडकर मॅडम वाईट बाई नव्हत्या. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती, आणि तेवढी वर्षं कुठलाही दिवा लाल न होता जावीत एवढीच त्यांची देवाकडं मागणी होती.

“फोटो बदलायचाय मॅडम.”

“दोन वर्षं झाल्याशिवाय बदलत नाही ताई. परिपत्रक आहे.”

“अहो, पोरगी बाळसं धरून बसलीय. दोन वर्षांनी बदलून काय उपयोग?”

“मग चांगलंच आहे की. तुमचं अभिनंदन.”

“अभिनंदन तिला खायला घालता येत नाही मॅडम.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग मॅडम हळूच म्हणाल्या, “ताई, हे मी म्हणतेय असं समजू नका. एका केंद्रात असंच झालं होतं. तिथं मूल मधे आजारी पडलं, थोडं उतरलं, आणि आपोआप जुळलं बघा.”

वैजयंतानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं. हे वाक्य त्यातूनच आलं का, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

“आणि नाही उतरली तर?”

“सलग तीस दिवस चेहरा जुळला नाही तर नाव आपसूक वगळलं जातं. मग आहार, डॉक्टर, लसी, काहीच नाही. मूल नाहीच असं धरतात. वरूनच तसं आहे.”

शकूरबी चुलीपाशी ऐकत होती. ती म्हणाली, “म्हंजे काय बाई? उपाशी ठेवून पोरीची वळख परत आणायची?”

वैजयंता उठली. तिनं डब्यातली आपली भाकरी काढली, तूप लावलं आणि ईश्वरीला ओसरीवर बसवून खायला घातली. ओसरी ताटं मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर होती. भाकरीनं दिवस निघाला असता, पण नाव राहिलं नसतं. दिवस पहिला संपला.

त्या काळात खुंटेवाडीत साडेआठशे माणसं होती आणि बाराशे ॲप्स. ‘जुळणी’ नावाचं साधन आल्यापासून ही लागण होती. पूर्वी ॲप करायला संगणकाची भाषा शिकावी लागायची. जुळणीत शिकायचं काही नव्हतंच. फोनच्या पडद्यावर रंगीत ठोकळे यायचे, ते बोटानं ओढून एकमेकांच्या खाचेत बसवायचे. पिवळा ठोकळा ‘जर’, हिरवा ‘तर’, लाल ‘नाहीतर’. ‘जर टाकी भरली’ या ठोकळ्याला ‘तर मोटार बंद’ हा ठोकळा लावला की झालं ॲप. चुकीचा ठोकळा खाचेत बसायचाच नाही, त्यामुळं वाक्य अर्धवट राहायची भीती नाही. मागच्या मागं फोन त्याची यंत्राची भाषा करून घ्यायचा, ते कसं चालेल याची स्वतःच तालीम करायचा आणि अडलं की मराठीत विचारायचा.

परिणाम व्हायचा तो झाला. प्रत्येकानं आपापल्या मनातली शिस्त ॲपमध्ये घातली आणि दुसऱ्यांना पाळायला लावली. सरपंचांनी तक्रारींचं ॲप केलं, त्यात तक्रार लिहायला तीन शब्दांची जागा होती. वैजयंताच्या सासूबाईंनी नव्वदाव्या वर्षी सुनांच्या उठण्याच्या वेळा सांगणारं ॲप केलं. वैजयंताचा नवरा बब्रुवान याची एकट्याची सतरा ॲप्स होती. त्यातलं एक म्हशीच्या रवंथावरून तिचा मूड सांगायचं. तो कायम ‘नाराज’ यायचा. म्हैस खरोखरच नाराज होती, असं वैजयंताचं मत होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ती घराघरातली करमणूक राहिली असती. पण एका मंत्र्यांनी भाषणाच्या भरात सांगून टाकलं, की सामान्य नागरिकानं केलेलं ॲप सरकारी यंत्रांनाही जोडता आलं पाहिजे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून खात्यानं भाषणाचं परिपत्रक केलं. परिपत्रक निघालं म्हणून प्रत्येक सरकारी यंत्राला एक उघडी खिडकी ठेवावी लागली. तपासणीत पास झालेलं कुणाचंही ॲप त्या खिडकीतून आत हात घालू शकत होतं. कुणी घालेल असं खात्यात कुणालाच वाटलं नव्हतं.

वैजयंतानं तोवर एकही ॲप केलं नव्हतं. “अकरा सांभाळते तेवढी बास झाली,” असं ती म्हणायची. पण ठोकळे तिला नवे नव्हते. बावीस वर्षं ती पोरांना लाकडी ठोकळेच जुळवायला शिकवत होती. कुठला कशावर बसतो आणि कुठला बसवला की सगळं कोसळतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

नवव्या दिवशी तिनं दर्पणचं परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं. खात्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. कलम नऊ-ख मध्ये तिला हवं ते सापडलं: यंत्राद्वारे ओळख न पटल्यास पाच पंचांसमक्ष पंचनामा करून आहार द्यावा. कागदी पंचनामा तालुक्याला जाऊन परत यायला एकवीस दिवस लागायचे, म्हणून कुणी त्या वाटेला जात नव्हतं. पण पंचनामा कागदावरच करावा असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

दोन दिवसांत तिनं ॲप जुळवलं. नाव ठेवलं ‘कुणाची’.

कल्पना साधी होती. आपल्याकडं कुठलंही मूल कुठंही दिसलं की पहिला प्रश्न तोच असतो. कुणाची गं तू? आणि मूल ऐटीत सांगतं. त्या प्रश्नाला जे उत्तर देतं ते हरवलेलं नसतं. वैजयंताचं ॲप मुलाचा आत्ताचा फोटो काढायचं, वस्तीतल्या कुठल्याही पाच माणसांच्या फोनवर पाठवायचं आणि विचारायचं, ‘हे मूल ओळखता का?’ पाच जण ‘हो’ म्हणाले की कलम नऊ-ख खाली पंचनामा पूर्ण, खिडकीतून कणगीला निरोप, मूठ खाली. पाच जण कोण ते ॲपनंच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे सेविकेनं आपलीच माणसं पुढं केली असं कुणाला म्हणता येऊ नये. पंचनाम्याचा बाकीचा साचा तिनं खात्याच्या नमुन्यातूनच उचलला. त्यात एक लाल ठोकळा होता: ‘नाहीतर, एकाचाही नकार असल्यास बंद’. तो तिला कायदेशीर आणि भारदस्त वाटला, म्हणून तिनं तसाच ठेवला.

बाराव्या दिवशी सकाळी ईश्वरी काचेसमोर उभी राहिली. कणगीनं क्षमा मागितली. वैजयंतानं ॲप उघडलं, आणि वस्तीतून पंचांचे आवाज यायला लागले.

“व्हय व्हय, ढग्याच्या बालाजीची थोरली. हिची आई रोहिणी, औश्याकडची.”

“ही का? हिनं काल आमची कोंबडी कोंडून घातली. चांगलीच वळखतो.”

“बालाजीचीच. नाक बघा की, आजीचं हाय!”

चौथ्यानं पोरीच्या पणजोबापर्यंत वंशावळ सांगितली. ॲपनं त्याचाही ‘हो’ धरला. शकूरबीनं पातेलं तोटीखाली सरकवलं.

पाचवा फोन घणघणून बंद झाला. पडद्यावर अक्षरं आली: ‘पंच क्रमांक पाच, नकार. ओळखत नाही. आहार बंद.’

पाचव्या पंचाचं नाव खाली लिहिलं होतं. बब्रुवान नामदेव दुधभाते.

संध्याकाळी बब्रुवान हातपाय धुऊन जेवायला बसला. समोर पाटाव्यतिरिक्त काही नव्हतं. वैजयंता पलीकडं मांडी घालून, हातात फोन धरून बसली होती.

“वाढ की.”

“वाढते. जरा इकडं बघा. मान सरळ. पापणी मिटा.” तिनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. “क्षमस्व. चेहरा जुळत नाही.”

“काय?”

“लग्नातला फोटो काढलाय. त्यात गाल आत आहेत, मिशी काळी आहे आणि डोक्यावर केस आहेत. तुम्ही कुणी वेगळेच गृहस्थ दिसताय.”

“अगं सव्वीस वर्षं झाली त्याला! तुझ्याच हातचं खाऊन—”

“त्या पोरीचंही तेच झालंय.”

बब्रुवाननं पाटाकडं बघितलं. “तुला सकाळचा राग आहे तर.”

“ओळखत नाही म्हणालात तुम्ही. परवा तिला खांद्यावर घेऊन म्हैस दाखवत होतात.”

“ते वेगळं. ॲपनं काय विचारलं? ओळखता का? बालाजीच्या पोरीला ओळखता का! त्याचं माझं बोलणं बंद आहे हे साऱ्या गावाला ठाऊक. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या घरचं ओळखायचं कसं? उद्या गाव म्हणंल बब्रुवान मऊ पडला.”

“आणि बोलणं का बंद आहे?”

“का म्हणजे?” बब्रुवानचा आवाज चढला, कारण हा त्याचा आवडता विषय होता. “बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण ॲपवर पाठवलं त्यानं. घरी येऊन अक्षता देणं नाही, काही नाही. ‘दुधभाते परिवार, येणार का?’ आणि खाली तीन बटणं. हो, नाही, सांगता येत नाही. मानाचा माणूस लगेच ‘हो’ दाबतो का? मी ‘सांगता येत नाही’ दाबलं. तर ते म्हणतंय, ‘धन्यवाद, तुमची ताटं वगळण्यात आली आहेत.’ ताटं वगळली, वैजू! विचारलं नाही, सवरलं नाही, यंत्रानं परस्पर माझं ताट उचललं!”

बोलता बोलता तो थांबला. घरात फक्त पलीकडून म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता.

“आण इकडं फोन,” बब्रुवान शेवटी म्हणाला. “करतो ‘हो’.”

त्यानं बटण दाबलं. ‘आपला नकार नोंदवला आहे,’ ॲप म्हणालं. ‘तीस दिवसांनंतर फेरविचार करता येईल.’

“तीस दिवस? हे कुणा गाढवानं केलंय?”

“मी,” वैजयंता म्हणाली.

खात्याच्या नमुन्यातला तो भारदस्त ठोकळा. त्याच्या पोटात आणखी एक बारीक ठोकळा होता, तो तिनं उघडूनही बघितला नव्हता. आज बारावा दिवस. नाव कटायला अठरा दिवस, नकार फिरायला तीस. दर्पणनं ईश्वरीचं जेवण तोडलं, त्यात एक गुळमुळीत ‘वरून आलंय’ तरी होतं. इथं वर कुणीच नव्हतं. ठोकळा तिनं तिच्या बोटानं ओढला होता. आणि बायको उपाशी पोरीसाठी नवऱ्याला उपाशी बसवून न्याय शिकवत होती! तिला स्वतःचीच इतकी शरम वाटली, की तिनं उठून बब्रुवानला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. त्यानंही, आपल्याला माफी मिळाली असं समजून, त्या खाल्ल्या.

सकाळी ती केंद्रात आली, मुलांच्या घोळक्यात सतरंजीवर बसली आणि ‘कुणाची’चे सगळे ठोकळे सुटे करून पडद्यावर पसरले. लाल ठोकळा तिनं उचलला आणि कचऱ्यात टाकला.

जुळणी लगेच म्हणाली, “‘नाहीतर’ची खाच रिकामी आहे. पाच जणांनी ‘हो’ म्हटलं नाही तर काय करायचं, ते सांगा. त्याशिवाय ॲप तपासणीत पास होणार नाही.”

वैजयंता त्या रिकाम्या खाचेकडं बघत बसली. पाच जणांनी ‘हो’ म्हटलं नाही तर काय करायचं? बावीस वर्षांत दारात आलेल्या मुलाला ‘तू कुणाची’ असं तिनं शेकडो वेळा विचारलं होतं. पण उत्तर आलं नाही म्हणून ताट मागं घेतलंय, असं एकदाही झालं नव्हतं. कुणी गप्पच राहायचं, कुणी बोबडं बोलायचं, एकजण तर कायम ‘म्हशीचा’ म्हणायचा. वाढलं सगळ्यांनाच होतं. विचारायचं ते ओळख काढायला. वाढायचं ते भूक लागते म्हणून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला खात्यानं शिकवलं होतं, आणि ती शिकलीही होती.

तिनं ‘तर’मधला हिरवा ठोकळा बोटाखाली धरला, त्याची एक प्रत काढली आणि ती ‘नाहीतर’च्या खाचेत बसवली.

वाक्य असं झालं: जर पाच जण ‘हो’ म्हणाले, तर कणगी उघड. नाहीतर, कणगी उघड.

जुळणीनं तालीम केली. ‘तर’ आहे, ‘नाहीतर’ आहे, कुठलीही खाच रिकामी नाही, वाक्य कुठंही अडत नाही. पास. तपासणी यंत्राला एवढंच बघायचं होतं.

ईश्वरी काचेसमोर उभी राहिली. पाच फोन वाजले, वंशावळी झाल्या, आणि तोटीतून मूठभर डाळ-तांदूळ पातेल्यात पडले. ‘हजर,’ दर्पण म्हणाला. त्याच्या दृष्टीनं पंचनामा झाला होता. शकूरबीनं त्या मुठीकडं असं बघितलं, जसं काही ते तिनंच पिकवलं होतं.

जुळणीची एक खोड होती. एकाचं ॲप दुसऱ्याला उतरवून घेता यायचं. शेजारच्या गावच्या सेविकेनं ते घेतलं, तिच्याकडं गाल आलेली दोन मुलं होती. तिच्या बहिणीनं घेतलं. आठवड्यात एकसष्ट केंद्रांत, पंधरवड्यात चारशे बारा. तालुक्याच्या पडद्यावर पंचनाम्यांचा आकडा असा काही वाढला, की साहेबांना आधी वाटलं, तालुक्यात खुनांची साथ आली.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी कानडखेडकर मॅडम स्कूटीवरून उतरल्या. हातात नोटीस होती आणि तोंडात नवी कवळी. त्यामुळं नोटीस वाचताना त्यांचा ‘स’ शिट्टीसारखा वाजत होता.

“‘आज सायंकाळी चार वाजेपर्यंत सदर ॲप बंद न केल्यास आपली सेवा समाप्त समजण्यात येईल.’ ताई, मला वाचावं लागतंय म्हणून वाचतेय हो.”

“वाचा की. आवाज छान आहे.”

“ॲप दाखवा.”

वैजयंतानं दाखवलं. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, बोटानं एकेक ठोकळा वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला.

“हे दोन्हीकडं ‘उघड’च?”

“हो.”

“पंच हो म्हणाले तरी उघड, नाही म्हणाले तरी उघड?”

“हो.”

“मग विचारता कशाला?”

“विचारलं की गावाला बरं वाटतं. आणि कलमात पंच आहेत ना, म्हणून पंच आहेत. पंचांनी काय म्हणावं, ते कलमात नाही. मी तीनदा वाचलं.”

“यात नाही म्हणायची सोयच नाही, ताई! हा पंचनामा कसला?”

“जेवणाचा.”

ओसरीवर चारपाच बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. ईश्वरीची आई रोहिणी त्यात होती. बब्रुवानही होता, जरा मागं, खांबाआड. आणि त्या खांबाच्या दुसऱ्या बाजूला बालाजी ढगे होता. दोघं बोलत नव्हते, पण एकाच खांबाला टेकले होते. खुंटेवाडीत याला मोठी गोष्ट म्हणतात.

“वैजयंताताई,” मॅडमनी आवाज खाली आणला, “अडीच वर्षं राहिलीत माझी. चौदा तुमची राहिली असतील. एका मुठीसाठी घालवता? बंद करा. पुढं कुणीतरी वर लिहील, होईल काहीतरी.”

“मॅडम, उद्या तिसावा दिवस आहे. मी बंद केलं तर त्यातले पंचनामेही बाद, आणि उद्या ही पोर नाही असं धरणार. ही समोर उभी आहे बघा. हिला नाही कसं धरायचं, ते मला तुम्ही शिकवा. मग मी बंद करते.”

मॅडमनी नोटीस परत फाईलमध्ये घातली. मग कर्तव्य म्हणून कणगीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. भेटीचा अहवाल तिथूनच भरायचा असतो, आणि अधिकाऱ्यालाही आधी चेहरा द्यावा लागतो.

“क्षमस्व,” कणगी गोड आवाजात म्हणाली. “चेहरा जुळत नाही. कृपया योग्य अधिकाऱ्यास उभे करावे.”

मॅडमनी पदर सारखा केला. चष्मा काढला. कवळी काढावी की काय, असाही विचार त्यांच्या तोंडावरून सरकून गेला, पण ओसरीवर माणसं होती.

“क्षमस्व. चेहरा जुळत नाही.”

कुणी हसलं नाही. शकूरबी तेवढी वळून चुलीकडं बघायला लागली, आणि तिची पाठ हलत होती.

ईश्वरी ताटली छातीशी धरून पुढं आली. इतके दिवस या काचेसमोर हेच वाक्य तिनं रोज ऐकलं होतं. त्यावर काय विचारतात तेही तिला पाठ झालं होतं. तिनं मान वर केली.

“कुणाची गं तू?”

कानडखेडकर मॅडमना हा प्रश्न कुणी निदान पन्नास वर्षांत विचारला नव्हता. त्या फाईलकडं बघत राहिल्या. मग अगदी वेगळ्याच आवाजात, शिट्टी न वाजवता म्हणाल्या, “दत्तू कंपाउंडरची. मधली.”

वैजयंतानं त्यांचा फोटो काढला. पाच फोन वाजले. त्यातला एक खांबाआड वाजला.

“व्हय,” बब्रुवान म्हणाला. “ओळखतो. नोटीस देणाऱ्या मॅडम.”

“आमच्या वैजयंताताईंच्या मॅडम,” खांबाच्या दुसऱ्या बाजूनं बालाजी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाला. बाकीचे चार ‘हो’ ओसरीवरूनच आले.

अहवाल काही उघडला नाही. ‘कुणाची’ला एकच गोष्ट करता येत होती, आणि तिनं ती केली. तोटीतून मूठभर डाळ-तांदूळ खाली पडले.

“आता हे काय?” मॅडम म्हणाल्या.

“तुमचं ताट,” वैजयंता म्हणाली. “पंचनामा झालाय, आता नाही म्हणता येत नाही. बसा.”

त्या बसल्या. खिचडी शिजेपर्यंत पोरांनी त्यांना लाकडी ठोकळ्यांचं घर करून दाखवलं. मग त्या दिवशी अठ्ठावीस मुठींची अठ्ठावीस ताटं वाढली गेली. भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं मोजली आणि तालुक्याला कळवलं: गळती शून्य. मॅडम आधी बेतानं घास घेत होत्या, कवळी नवी होती. मग शकूरबीनं वरून तेलाची धार सोडली, तेव्हा त्यांनी नोटिशीची फाईल ताटाखाली सरकवली, कारण ताट गरम होतं आणि मांडी भाजत होती.

चार वाजले. वैजयंताच्या फोनवर खात्याचा निरोप आला. खाली दोन बटणं होती.

‘हे ॲप बंद करायचे का? हो / नाही.’

तिनं ईश्वरीकडं बघितलं. पोर बोटं चाटत होती, आणि दोन्ही गाल भरलेले होते. मॅडमनी ताटावरून नजर उचलली नाही.

वैजयंतानं हात पदराला पुसला आणि ‘नाही’ दाबलं.